एकाच गणातले

सव्वीस वर्षं या कपाटाच्या किल्ल्या माझ्या कनवटीला.
चौगुले सर म्हणतात, अक्काताई,
तुम्हाला बाटल्यांचा स्वभाव कळतो.
कळतो. नावं तेवढी उशिरा पाठ झाली.

मॅग्नेशियम फितीसारखं, गुंडाळून ठेवलेलं.
वरची काजळी पॉलिश पेपरनं खरवडली
की आत कल्हईच्या पातेल्याची चकाकी.
कॅल्शियम तेलात बुडवलेलं, राखाडी खडे.
झाकण सैल राहिलं की आठवड्यात त्याची पांढरी भुकटी,
आणि वर्षाच्या खरेदीत माझ्या नावानं शेरा.

प्रात्यक्षिकाला दोन परीक्षानळ्या, नळाचं गार पाणी.
कॅल्शियमचा खडा आधी तळाला जातो,
मग अंगभर बुडबुडे चिकटले की वर येतो,
पुन्हा बुडतो, पुन्हा वर. पाणी दुधाळ.
नळी हाताला गरम लागते.
शेजारच्या नळीत फीत नुसती उभी.
पोरं कंटाळून वहीत लिहितात : क्रिया नाही.
संध्याकाळी मी नळ्या धुवायला घेते
तेव्हा तिच्या काठावर तीन-चार बुडबुडे असतात,
बारीक, मोहरीएवढे.
ते कुणाच्याच वहीत नाहीत.

यास्मिन मुजावर विचारते,
सर, गणात खाली उतरू तसा धातू लवकर वितळायला पाहिजे,
मग मॅग्नेशियम साडेसहाशेला
आणि कॅल्शियम आठशे बेचाळीसला, असं का?
सर म्हणतात, आतली रचना वेगळी. पुढं चला.
मी बर्नर पुसत ऐकते.

आमचाही गण जुळला होता म्हणे पत्रिकेत.
माझे वडील वडणग्याचे गुळवे.
काहिलीत रस उकळायला लागला की
चुन्याची निवळी किती घालायची ते
डोळ्यांनी ठरवायचे, मापानं नाही.
जास्त झाली की गूळ काळवंडला,
कमी झाली की मळी सुटेना.
त्या वाफेत मी वाढले. लगेच उकळते, लगेच फेसाळते.

केरबा शिरोलीच्या फौंड्रीत.
लेडलच्या तळाला मॅग्नेशियमची मिश्र खडी,
वरून लोखंडाचा रस ओतायचा,
आणि शेड दुपारपेक्षा पांढरी व्हायची.
त्यानंच मला सांगितलं,
बिडातल्या काजळीच्या धारदार पात्या
त्या उजेडात गोल होतात,
म्हणून ते लोखंड वाकतं, पण मोडत नाही.
एवढं बोलायला त्याला सहा वर्षं लागली.
गार पाण्यातली फीत, दुसरं काय.

एकदा चष्मा न घालता बघितलं त्यानं.
तीन दिवस डोळ्यांवर ओल्या फडक्याच्या घड्या,
आणि मिटल्या पापण्यांआड, म्हणाला,
एक पांढरी चानकी फिरतीया.
तेव्हापासून वर्गात फीत पेटवताना
मी ज्योतीकडं बघत नाही.
मागच्या भिंतीवर पोरांच्या सावल्या बघते.
सावल्यांना काय होत नाही.

गेल्या महिन्यात तो न्हाणीत घसरला.
मनगट. प्लास्टर ओलं असताना
मी त्याच्यावर हात ठेवला, गरम होतं,
परीक्षानळीसारखं.
डॉक्टर म्हणाले, हाडं पोकळ झाल्यात,
आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याला.
माझ्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात,
तर मला मॅग्नेशियम.

आता एकाच तांब्याशेजारी दोन पाकिटं.
अंधारात हात चुकतो कधीकधी.
बोअरच्या पाण्यानं तांब्याच्या आत
पांढरा थर धरलाय, त्यात दोघंही आहेत,
कुणाचा किती, ते सरांनाच विचारायला हवं.
चिंच लावून घासते. निघतो थोडा.

उद्या यास्मिनची तोंडी परीक्षा आहे.
फरकाचे सहा मुद्दे तिला येतात.
नळ्या मी आज धुतलेल्या नाहीत.
सकाळी लवकर ये म्हणून सांगितलंय तिला,
काठावर काय दिसतंय ते बघायला.