आधीचे चार

बातमी मला तामातीने दिली,
बंदरावर, क्रेनमधून उतरता उतरता.
"लॅक्लन एकट्याचा अल्बम करतोय."
त्याच्या हातमोज्यांना पाइनचा चीक लागला होता.
मी म्हटलं, बरं.
एवढंच म्हटलं. मग घरी येऊन भांडी घासली,
घासलेलीच पुन्हा घासली.

बावीस वर्षं मी त्याची पाठ पाहिलीय.
लोकांना चेहरा ठाऊक: पोस्टरवरचा,
ऑकलंडच्या एका भिंतीवरचा,
कुणाच्या तरी दंडावर गोंदलेला.
मला ठाऊक मानेखालचा तीळ,
वरचा सूर यायच्या आधी
डावा खांदा किंचित उचलला जातो ते,
आणि खोटं गात असला
की टाच जमिनीला टेकत नाही, तेही.

जुलै. पोर्ट चाल्मर्सचा हिवाळा.
लोकरीच्या जुन्या गोदामात त्याने स्टुडिओ थाटला,
भिंतींना अजून मेंढ्यांचा वास.
ड्रम नकोत म्हणे. बास नको.
एक पियानो, त्यातली एक पट्टी उतरलेली,
आणि तो.
मुलाखतीत म्हणाला, "आता माझा स्वतःचा आवाज."
ग्रेगरने ते आम्हाला वाचून दाखवलं
(हल्ली तो लोकांची धुराडी साफ करतो),
काजळीच्या बोटांत फोन धरून,
आणि विचारलं, "मग आजवर कुणाचा होता?"
आम्ही हसलो. तामाती जरा उशिरा हसला.
तो नेहमीच जरा उशिरा,
म्हणून तर आमची गाणी झुलायची.

अकराव्या रात्री फोन.
"जागी आहेस?"
आहे.
"स्टिक्स घेऊन ये."
आणि ड्रम?
"नको. नुसत्या स्टिक्स."

पायजम्यावरच कोट चढवून गेले.
हीटरला चिकटून बसलेला पन्नाशीचा माणूस,
नाक लाल, चहा निवलेला.
"मला सुरुवातच करता येत नाही," म्हणाला.
शब्द आहेत, चाल आहे,
आत कुठून शिरायचं तेच कळत नाही.
दार आहे गं, उंबरा नाही.
बोलताना तो थेट माझ्याकडे पाहत होता
आणि तो चेहरा मला परका वाटला.
मी खुर्ची उचलली,
त्याच्या पाठीमागे नेऊन बसले.

मग मोजलं.
लाकडावर लाकूड.
एक. दोन. तीन. चार.
आणि तो शिरला,
वेस्टपोर्टच्या गुत्त्यात शिरला होता तसा,
जिथे ऐकायला नऊ माणसं आणि एक कुत्रं होतं,
आणि कुत्रं शेवटपर्यंत थांबलं होतं.

नऊ गाणी. प्रत्येकाआधी चार.
पाचव्याला मी मुद्दाम सावकाश मोजलं.
ते त्याच्या आईचं गाणं होतं
आणि तो घाईघाईने तिच्यातून सुटू पाहत होता.
काही बोलला नाही.
टाच टेकली.

पहाटे होरिआनाने, रेकॉर्डिंगवाल्या पोरीने,
मला पडद्यापाशी बोलावलं.
नखाएवढे चार सुळके,
पुढे त्याच्या आवाजाचे डोंगर.
"हे तुझे," म्हणाली, "आता कापायचे."
काप, म्हटलं.
मला वाटलं होतं तिला क्षणभर तरी लागेल.
कसला क्षण! बटण दाबलं, झालं,
आणि तिने सँडविचचा कागद सोडला.

अल्बम ऑक्टोबरात आला.
धक्क्यावर गाडी लावून ऐकला, मी आणि तामातीने.
मालाचं जहाज लागत होतं, चिनी नावाचं,
काचेवर बारीक मीठ.
प्रत्येक गाण्याआधी थोडी शांतता,
आणि तिच्यात तामातीचं बोट
स्टिअरिंगवर, आपसूक,
जरा उशिरा.

पाचव्याआधी एक ठोका राहून गेलाय.
चौथा.
अगदी पुसट, भिंतीपलीकडून कुणी कपाट लावावं तसा.
की मलाच ऐकू येतो?
तामातीला विचारायचं होतं,
पण तेवढ्यात त्याची पाळी लागली.
काच खाली करून म्हणाला,
"बरा गायलाय साला,"
आणि क्रेनकडे चालत गेला,
डबा गाडीतच विसरून.