काय वाटलं ते तिकडे

छातीवर पाच पॅच, कमरेला पट्टा,
पट्ट्यात काड्यापेटीएवढं होल्टर.
"चोवीस तास काढायचं नाही, आंघोळ नाही.
आणि ही डायरी. काय केलं ते इकडे,
काय वाटलं ते तिकडे."
ढमढेरे म्हणाले, "वाटलं म्हणजे?"
मी म्हटलं, "म्हणजे... वाटलं ते."

खडकीच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं गेज तपासले त्यांनी.
केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक
बोटाला कळायचा म्हणे.
सांगत होते शर्टाची बटणं लावता लावता,
गळ्याचंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना
धनकवडीचा आमचा जिना चढून हजर.
डायरीत पट्टीने आखलेल्या रेषा.
६.१० दूध आणलं.
७.०० तळजाईवर दोन फेऱ्या.
१२.३० भाकरी, मेथी, ताक.
३.१५ गॅलरीत खुर्चीत बसलो.
आणि तिकडच्या रकान्यात
नॉर्मल
नॉर्मल
खाली सगळीकडे, वरीलप्रमाणे.

तळजाईच्या चढाला ठोके एकशे चार. चालायचंच.
पण सव्वातीनला,
खुर्चीत बसलेल्या माणसाचे एकशे अडतीस,
मधेच एखादा चुकलेला,
अंधारात जिना उतरताना
एक पायरी कमी निघावी तसा.

"सव्वातीनला काय झालं, काका?"
"काही नाही. बसलो होतो."
"फोन वगैरे? वादावादी?"
"मी कुणाशी वाद घालत नाही,"
हे मात्र ताठ बसून.

मी डॉक्टर नाही. बारा वर्षं
लोकांच्या रात्री कागदावर बघते, एवढंच.
भांडून मोकळे होणारे येतात,
पॅच लावतानाच रडणारे येतात,
आणि हे काही-नाहीवाले.
काही नाही ठेवायला
फार जागा लागते माणसाला.
मला माहीत आहे. माझेही दात
झोपेत एकमेकांवर घासतात.
डेंटिस्टने विचारलं, टेन्शन आहे का?
मी म्हटलं, छे.
त्याने साडेतीन हजारांचं
प्लास्टिकचं झाकण दिलं दातांना.

ढमढेऱ्यांनी चष्मा बदलला.
त्या उंच टोकावरून बोट फिरवलं,
मापात बसत नसलेल्या तुकड्यावरून फिरवावं तसं.
मग आलेखालाच सांगितल्यासारखं म्हणाले,
"समोर बी विंगला धाकटा भाऊ असतो माझा.
दुपारची झोप झाली की खिडकी उघडतो."
"मग?"
"मग काय. नऊ वर्षं झाली."

त्यांनी पट्टी मागितली.
सव्वातीनचं नॉर्मल सरळ रेषेत खोडलं,
आणि वर लिहायला पेन टेकवून थांबले.
"डॉक्टर हे वाचणार?"
"हो."
"मग एका शब्दात बसवायला हवं."

पुढचा पेशंट आत डोकावून गेला.
खालच्या दुरुस्तीच्या दुकानात कुणाचा तरी मिक्सर
सुरू व्हायचा, अडायचा,
पुन्हा सुरू व्हायचा.
पेन तिथेच होतं.
कागदावर शाईचा ठिपका
हळूहळू मोठा होत होता.