बारा वाव

वेसाव्याला, जिथे वलांडीवर बोंबील वाळतात
त्याच्या जरा अलीकडे, वाळूत एक लोखंडी झाकण आहे.
लहानपणी त्यावर उड्या मारून
आम्ही खालच्या भुताला उठवायचो.
खाली मनगटाएवढी केबल आहे
आणि तिच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या तारा,
हे नोकरी लागल्यावर कळलं.

बाबाला सांगितलं,
अख्खं जग आत येतं ते आपल्या दारावरून.
तो जाळं शिवत होता. सुई दातांत धरून म्हणाला,
"जातंय त जाऊं दे. आपल्याकडं बसतं कुठं?"

बसतं की.
आईच्या पाटीशेजारी आता एक डबी बसते,
दर गिऱ्हाइकामागे मोठ्यांदा सांगते
किती रुपये प्राप्त झाले.
आई म्हणते, कमरेच्या बटव्यात किती आहे
हे आधी मला ठाऊक आणि एकविरेला;
आता पलीकडच्या देवयानीलाही ठाऊक.
तरी डबीला तिने जुन्या लुगड्याचं झबलं शिवलंय,
खारं वारं लागू नये म्हणून.

दादा मस्कतला.
रोज रात्री साडेनऊला तो आमच्या ओट्यावर असतो,
मसाल्याच्या बरणीला टेकून.
आई त्याला तव्यावरची मांदेली दाखवते
आणि मग एकटीच खात नाही.

मी ऐरोलीत, अकराव्या मजल्यावर, रात्रपाळीला.
समोर भिंतभर नकाशा.
त्यातला समुद्र निळा रंगवलाय,
त्याला उधाण नाही, भांग नाही, वास नाही.
नुसत्या हिरव्या रेघा.

अमावास्येच्या रात्री, एक वाजून बावन्न मिनिटांनी
एक रेघ लाल झाली.
किनाऱ्यापासून सात मैल, खोली बावीस मीटर.
फोन सुरू झाले: दोन बँका, एक विमानकंपनी,
कुठल्याशा परीक्षेचा निकाल अडकलेला.
सगळे इंग्रजीत ओरडत होते
आणि मी अक्षांश-रेखांशाकडे बघत बसले,
कारण त्या आकड्यांना आमच्याकडे नाव आहे.
पोशाचा कातळ.
बाबाच्या आजाचं नाव.
बावीस मीटर म्हणजे बारा वाव.
उधाणाच्या पाण्यात बाबाची डोल तिथेच लागते.

सकाळी घरी आले तर तो पायरीवर,
तळहाताला हळद.
"नांगर अडकला गो.
कातळ नव्हता. कातळ सोडत नाय त नाय सोडत.
ह्या जरा सैल व्हायचा, परत धरायचा,
जसा पलीकडच्या टोकाला कोण बसलाय."
मग?
"मग काय. दोर कापला."
नांगर त्याच्या बापाच्या वेळचा.

पुढचे पाच दिवस दादा तुटक तुटक येत राहिला.
एकदा तोंड अर्धं उघडं, तसाच थिजला.
आई म्हणाली, बघ, आ म्हणतोय.
पुढचं अक्षर यायची वाट बघत
तिने गॅस बारीक केला.

माझ्या अहवालात कारणाचा एक रकाना असतो.
चारच पर्याय:
भूकंप, जहाज, मासेमारी, अज्ञात.
त्यात मी काय निवडलं
ते इथे लिहिणार नाही.

दुरुस्तीचं जहाज आलं, केबल वर काढली, सांधली, परत सोडली.
रेघ हिरवी झाली.
दादाने विचारलं, आज काय केलंस?
नांगर मात्र कुणी वर काढला नाही.
तो तिथेच पडलाय, गाळात, काचेच्या कुशीला,
आणि त्याच्या जवळून
निकाल जातात, कर्जं जातात, मुका घेतल्याचे आवाज जातात,
आजाऱ्यांची चित्रं, शिव्या, लग्नपत्रिका.

नवा नांगर आणला. पैसे मी फोनवरून दिले.
परतताना बाबाने विचारलं,
"तुझ्या नकाशात माझी होडी दिसते?"
नाही, म्हटलं.
"बरां हाय."
कोळीवाड्याच्या वळणापर्यंत गप्प.
मग परत,
"पोशाचा कातळ लिवलाय त्यात?"
नाही.
"मंग रातभर तुमी बगता काय गो?"