चौथा भाग आम्ही मोजत नाही

सगुण म्हणतो, 'लोहनक्षत्र'चे भाग तीन.
चौथा आम्ही मोजत नाही.

हे तो एकोणीस वर्षं म्हणतोय.
डिचोलीच्या बाजारात, पातळभाजीत उंडो बुडवताना.
बेनीच्या लग्नाआधी, रोसाच्या दिवशी,
नारळाच्या रसाने निथळणाऱ्या बेनीच्या कानात.
आणि आज पिसुर्लेच्या बंद खाणीच्या कडेवर,
जिथे आम्ही वर्षातून एकदा येतो
डबे घेऊन, भांडण घेऊन.

सुलक्षा पहारेकऱ्यांची.
'सातव्या कक्षेचे पहारेकरी', एकशे बारा भाग,
रविवारी सकाळी, आंघोळ न करता बघितलेले.
तिला लोहनक्षत्रात नुसती जळकी यानं दिसतात,
धडाम आणि परत धडाम.
"पोकळीत आवाज होतोच कसा रे?
आठवीचा धडा आहे!"
(ती तो शिकवते, साखळीला, दरवर्षी नव्याने चिडून.)
"आवाज यानाच्या आतला असतो."
"मग कॅमेरा बाहेर काय करतोय?"
"तुमच्या सेनापतीचा नट बदलला तिसऱ्या वर्षी,
नाक वेगळं, उंची वेगळी,
आणि त्याच्या सख्ख्या आईलासुद्धा कळलं नाही,
त्यावर बोल."

बेनी गप्प.
बेनीची मालिका तेरा भागांत बंद पडली.
'काचग्रह'. शेवटी एक दार उघडतं,
कुणीतरी म्हणतं, "तू?"
आणि संपलं. कायमचं.
दारात कोण होतं यावर बेनीकडे तीन वह्या आहेत
आणि एक बायको,
जिला तिन्ही वाचून दाखवून झाल्यात.

इथेच आम्ही पंधराव्या वर्षी सिनेमा काढला होता.
रविवार, खाणीला सुट्टी,
बेनीच्या मामाचा बाहरीनहून आणलेला कॅमेरा,
बाबांचं पिवळं हेल्मेट, चांदीचा रंग दिलेलं.
एवढी तांबडी जमीन दुसऱ्या कुठल्या ग्रहावर मिळणार?
पण हा ग्रह कोणाचा, लोहवाल्यांचा की पहारेकऱ्यांचा,
ते ठरेना.
कॅसेट अकरा मिनिटांची.
नऊ मिनिटं भांडण,
दोन मिनिटं राखणदाराची शिट्टी आणि धावते पाय.

तर, चौथा भाग.
त्यात तांबडा ग्रह पोखरून होतो
आणि एका सकाळी सगळं थांबतं.
यंत्रं उभी राहतात तिथेच,
माणसं त्यांच्याभोवती, डबे हातात, उभी.
बस्स. लढाई नाही, काही नाही.

"असं होतं का कधी?" सगुण म्हणतो.
"एवढी मोठी वसाहत, एका सहीने, एका दिवसात?
लेखकाला काही सुचलं नाही, दुसरं काय!"

त्याच्या मागे चौदा टिपर उभे आहेत.
एकाच्या बॉनेटमधून रानमोडी वर आलीय, फुललीय.
सहावा आमचा.

बाबा अजून सांगतात, गाडी दहा वर्षं चालवलेली आहे,
इंजिन अजून कोरं.
घेतली त्याला बावीस झाली.
दोन हजार बाराच्या पुढची
ते मोजत नाहीत.

आम्ही सगळे टिपरांकडे बघत नाही.
सुलक्षा, जिने आत्ता हा वाद
कायमचा जिंकला असता,
डब्याचं झाकण उघडते,
"कापां घे," म्हणते, "थंड झाली."
सगुण घेतो.
कान लाल, की माती बसलीय, सांगता येत नाही.

बेनी खड्ड्यात दगड टाकतो.
खाली पाणी, हिरवं, औषधाच्या बाटलीसारखं,
मिनेर काढता काढता लागलेलं.
आम्ही थांबतो. सुलक्षा ओठांत सेकंद मोजते,
खोली काढणार, सवयच ती.

डुबुक.

"ऐकलंस?" सगुण म्हणतो. "झाला आवाज."

"हवा आहे म्हणून, गाढवा."