टिकल्या

म्हापशाचा शुक्रवार, चवथ तीन दिवसांवर.
माझ्या एका अंगाला माटोळीचं सामान:
तोरिंगं, कांगलां, सुपारीची शिपटी.
दुसऱ्या अंगाला मेणबत्त्यांवाला कायतान.
आणि मधे, गळक्या ताडपत्रीखाली, मी आणि माझी पिस्तुलं.
तीन जातींची. टिकल्यांची डबी वेगळी, दहा रुपये.

एक गोरा म्हातारा उभा राहिला.
खेळण्यांवर असा वाकला
जसे आमचे लोक मासळीवर वाकतात,
कल्ला उघडून बघायला.

कळंगुटच्या शॅकवर सोळा वर्षं ताटं उचलली मी,
तेवढं इंग्रजी अजून खिशात आहे.
विचारलं, यातलं अमेरिकेचं कुठलं?
गिऱ्हाईक बोलतं झालं की घेतं, म्हणून विचारलं.

त्याने प्रश्न खरा धरला.
चष्मा पुसला.

लांब नळीचं उचललं, चाक फिरणारं.
हे आम्ही स्वतःबद्दल सांगतो ते, म्हणाला.
एक घोडा, एक माणूस, पुढे ओसाड माळ.
माळ ओसाड नव्हता,
पण गोष्ट तशीच सांगायची असते.

मग चपटं, करडं.
असलं वडिलांनी लढाईवरून आणलं होतं,
मोज्यांच्या खणात ठेवलं.
त्या खणाबद्दल घरात कोणी बोलायचं नाही.
आई धुतलेले मोजे मात्र तिथेच ठेवायची.

तिसरं काळं, प्लास्टिकचं. सगळ्यात हलकं,
माझ्याकडे सगळ्यात खपणारं.
त्याला त्याने हात लावला नाही.
हे शेजाऱ्याकडे आहे, म्हणाला.
कुठल्या शेजाऱ्याकडे?
दोन्हीकडच्या.

तो नावं सांगत होता, मी किमती.
नव्वद. सत्तर. साठ.
शेवटी लांब नळीवर बोट टेकवलं:
देशाचं म्हणून एकच दाखवायचं तर हे.
शोभेला हेच.
मी पिशवी उघडली.

तेवढ्यात फुलवाल्या शेवंतीच्या नातवाने, साईशने,
एका हाताने चड्डी सावरत
दुसऱ्या हाताने आमच्या पाठीमागे टिकली फोडली.
फट्ट.
एवढंच. बाजारात एकाची मान वळली नाही.

म्हातारा दिसेना.
माझ्या मेजाखाली होता तो,
गुडघे पोटाशी, एक हात स्वतःच्या मानेवर,
आणि दुसऱ्या हाताने साईशला ओढून
अंगाखाली घेतलेलं, कोंबडी पिल्लाला घेते तसं.
ओठांवर बोट. चूप. चूप.
साईशच्या मुठीत पिस्तूल तसंच, धूर सोडणारं.
एक तोरिंग गडगडत आलं
आणि त्यांच्या पायाशी थांबलं.

कोणीतरी हसलं.
कायतानने त्या दिशेला नुसतं बघितलं.

मी खाली उकिडवा बसलो.
त्याने तिथूनच सांगितलं, मेजाखालूनच,
की एकवीस वर्षं तिसरीच्या वर्गाला गणित शिकवलं.
वर्षातून चारदा सराव असायचा:
दिवे बंद, दाराला कपाट, सगळे कोपऱ्यात.
एक मुलगी होती, दात पडलेली,
तिच्याइतकं छान गप्प कुणालाच बसता यायचं नाही.
त्याने तिला चांदणी दिली होती, वहीवर चिकटवायची.

खरंच काही घडलं होतं का तिथे?
मी विचारलं नाही. लिंबूसोडा मागवला.
त्याच्या हातात बाटली बराच वेळ वाजत होती
माझ्या मेजाच्या पत्र्यावर.

लांब नळीचं त्याने रुमालाने पुसून
जागेवर ठेवलं. घेतलं नाही.
घेतलं ते तोरिंग, आपटलेलं,
पैसे मोजून, शेजारणीला.
कसं खायचं? म्हणाला.
आधी देवावर टांगायचं, मी म्हटलं,
खायचं नंतर.
बरंच मोठं हसला, काय कळलं कोण जाणे.

रात्री हिशेब केला. काळी एकतीस गेली,
करडी नऊ, लांब नळीची दोन.
टिकल्या संपल्या.
मेज उचलायला वाकलो तर खाली साईश,
पिस्तूल कुठेतरी टाकून दिलेलं,
गुडघे पोटाशी,
डोळे चमकतायत, ओठांवर बोट.

शेवंती त्याला हाका मारत बाजारभर फिरत होती.
पोरगं ओ देईना.