नंबर अकराशे सत्तेचाळीस

जेल रोडला, पिठाच्या गिरणीवर माझं वाचनालय.
पुस्तकांवर कायम पिठाची साय,
बोट फिरवलं तर नाव लिहिता येतं.

तिसऱ्या कपाटात दिवाळीतल्या प्रेमाच्या कादंबऱ्या.
त्या दिवाळीत कुणी नेत नाही.
दिवाळीत बायकांना बसायला तरी मिळतं का?
त्या जातात वैशाखात,
पंखा नुसता ऊन ढवळत असतो तेव्हा,
नाहीतर पौषात, निफाडकडून येणारा वारा
नळाचं पाणी हाताला लावू देत नाही, तेव्हा.

गोष्ट एकच.
वसुबारसेला ती माहेरी उतरते,
शेजारच्या गच्चीत तो आकाशकंदिलाच्या वायरीत गुरफटलेला.
धनत्रयोदशीला भांडण.
अभ्यंगाच्या पहाटे ओले केस, उटण्याचा वास आणि एक गैरसमज,
लक्ष्मीपूजनाला नेमका तिचा मोडलेल्या लग्नाचा नवरदेव टपकतो.
पाडव्याला सगळं जुळतं.
भाऊबीजेला एक पान उरतं, भावानं चिडवण्यापुरतं.

पिंगळे मास्तर नाक उडवून म्हणाले,
“पहिल्याच पानावर शेवट कळतो हो!”
म्हटलं, सर, दर गुरुवारी आरतीला जाता
ते काय शेवट कसा होतो बघायला?
ते हसले नाहीत. वर्गणी मात्र भरली.

प्रमिला गायधनी नोटांच्या छापखान्यात, तपासणीला.
दिवसभर समोरून ताव सरकतात
आणि ती चूक शोधते:
फुटलेली शाई, केसभर हललेली रेघ.
“नाही सापडली,” ती म्हणते, “तर ती माझी चूक.”
संध्याकाळी पायऱ्या चढून येते,
डबा काउंटरवर, चप्पल अर्धी पायात,
सरळ तिसऱ्या कपाटाशी.
“इथं काही शोधावं लागत नाही गं.
सगळे वेळेवर येतात.”

एकदा पैसे सुट्टे करता करता सांगून गेली,
पाडव्याला नवऱ्याला ओवाळते, तो तबकात नोट टाकतो,
आणि हिचा हात आपोआप
ती नोट उजेडासमोर धरतो.
“चिडतो तो. पण सवय आहे, काय करू?”
नोट खरीच असते दरवर्षी,
हेही तिनंच सांगितलं.

अकराशे सत्तेचाळीसला शेवटचं पान नव्हतं.
कुणीतरी करंजी बांधायला नेलं असावं,
आधीच्या पानावर तेलाचा अर्धा चंद्र.
तीन वर्षं एकीचीही तक्रार नाही.
मीही भाडं कमी केलं नाही,
गेलेलं पान सगळ्यांना पाठच होतं.

या वैशाखात प्रमिलानं ते चौथ्यांदा नेलं,
पंधरा दिवस ठेवलं. दंड न मागता दिला.
ती गेल्यावर चाळलं तर शेवटी
खळीनं चिकटवलेला वहीचा कागद,
कागदावर बारीक, सरळ,
एकही रेघ न हललेलं अक्षर:

‘भाऊ जेवून गेले. रांगोळी पायापायांत पुसली होती.
तिने खरकटी ताटं एकात एक ठेवली.
तो म्हणाला, दमलीस का?
आणि मग त्याने उत्तराची वाट पाहिली.’

एवढंच.
मिठी नाही, फटाके नाहीत, कंदीलसुद्धा नाही.
खाली गिरणी बंद झाली होती, बाजरीचा शेवटचा घाणा.
कुणाचं उत्तर ऐकायला थांबलो होतो आपण शेवटचं,
आठवेना.
मी त्या कागदावर वाचनालयाचा शिक्का मारला
आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

आठ दिवसांनी लोणारी वहिनी ते परत करायला आल्या.
रेंगाळल्या. पदरानं मुखपृष्ठ पुसलं.
“हिचं,” म्हणाल्या, “आणखी काही आहे का तुमच्याकडे?”

मी रजिस्टर चाळत राहिले, उगाच.