पेटीवर नाव

क्लबात आम्ही सतरा.
वर्गणी भरणारे अकरा, मीटिंगला येणारे सात,
आणि मीटिंग संपल्यावर खुर्च्या उचलणारे दोघे:
मी, खजिनदार, आणि इनास फर्नांडिस.

वेंगुर्ल्याला आम्ही बाकं दिली,
स्टँडवर चार, बंदरावर तीन,
प्रत्येकाच्या पाठीवर कुणाचे तरी आईवडील.
शाळेत पाण्याचा कूलर बसवला.
त्यावर नावं एवढी, की पोरांना नळ शोधावा लागतो.

मग मे महिन्यात मोचेमाडकरांची म्हातारी गेली
आणि मुलगा दोह्याला.
विमान परवाचं, म्हणाला फोनवर.
बंदरावरून बर्फ आणला, मासळीचा,
भुसा झटकून लाद्या लावल्या तिच्या दोन्ही कुशींना.
सून रात्रभर पडवीतलं पाणी उपसत होती.
वास म्हातारीचा नव्हता, बर्फाचाच होता,
सुरमईचा.
मुलगा आला, वाकला,
आणि अर्धं पाऊल मागे सरला.
ते अर्धं पाऊल
आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

शीतपेटी. एक लाख अठरा हजार.
क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा
चहा यायच्या आत ठराव मंजूर.

पावतीपुस्तक घेऊन बाजारात निघालो.
खर्डेकरांनी गल्ल्यावर हात ठेवला,
उघडला नाही.
“बाकडां म्हणा, दितंय. ह्यां नको.
सकाळच्या पारी कसली अभद्र पावती?”
बेकरीवाल्याने शंभर दिले,
आणि आम्ही उतरल्यावर पायरीवर पाणी मारलं.
पाच महिन्यांत छत्तीस हजार अडीचशे.

शेवंता गिरप टोपलीवरून उठलीच नाही.
कोयता पुसत म्हणाली,
“पैशे खंयचे आमच्याकडे? जेवण घाला. म्हावरां आमचां.”
दसऱ्यानंतरच्या रविवारी
शाळेच्या पटांगणात बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी,
कुपन दोनशे रुपये.
मासळीबाजार त्या दिवशी अर्धा रिकामा,
बायका चुलीपाशी.
कुपनावर काय छापायचं, यावर सेक्रेटरी तीन रात्री जागले,
शेवटी छापलं “वैद्यकीय उपकरण निधी”.
शेवंता मात्र वाढताना प्रत्येक पानापाशी सांगत होती,
“पोटभर जेवा. पेटयेसाठी असा.”
चारशे बारा ताटं.
दोन वेळा भात कमी पडला.

पेटी आली. पांढरी, काचेच्या झाकणाची.
बाजूला कंपनीने चौकट सोडलेली: “सौजन्य”.
त्या मीटिंगला सतराच्या सतरा हजर.
अध्यक्ष म्हणाले, नाव कोणाचं?
पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो
हे मला तेव्हा कळलं.

चौकट कोरीच आहे.

उरलेल्या साडेसहाशेची वायर घेतली, वीस मीटर,
कारण ओटीवर प्लग नसतो कुणाच्याच.
पेटी नेतो मकानदारांच्या टेम्पोतून.
त्यांच्यात इतका वेळ ठेवत नाहीत,
तरी डिझेलचे पैसे हुसेनभाई घेत नाहीत.
वहीत तारीख, घर, किती तास.
पुणे असेल तर बारा, मुंबई चौदा,
मस्कत, दोहा: दोन दिवस.
एकदा न्यूझीलंड.

माघात, रात्री दोनला फोन.
“पेटी मोकळी असा?”
आवाज ओळखला. खर्डेकर.
इनासने पुढची कडी धरली, मी मागची,
त्यांनी काही न बोलता मधली.
आवस त्यांची, ब्याण्णव वर्षांची,
काचेखाली अशी, की आत्ता भाव विचारील.
बहीण नागपूरहून आली,
वाकली, आणि वाकूनच राहिली.

चौथ्या दिवशी पाकीट घेऊन आले.
पंधरा हजार.
पावतीवर नाव काय घालू, विचारलं.
“नाव कित्याक,” म्हणाले,
आणि बाहेर चप्पल शोधत बराच वेळ उभे राहिले.

पेटी फिनेलने पुसून ठेवलीय.
वायर त्यांच्याकडेच राहिली.
मागायला जायला हवं;
तेरावं होऊ दे.